अडीच तोळ्यांची प्रतिष्ठा

रात्री दहा वाजता आमच्या आण्णांचा, म्हणजे माझ्या थोरल्या मावसभावाचा, निरोप आला, ‘ये, बोलायचे आहे.’ तुळजापुरात इतक्या रात्री कोणी बोलावले, तर माणसाच्या मनात आधी दवाखाना येतो आणि मग बांधावरचे भांडण. मी पायांत चपला सरकवून निघालो. जाऊन पाहतो तो आण्णा आणि वहिनी समोरासमोर बसलेले, मध्ये मोबाईल, आणि त्याच्या पडद्यावर काळ्या दगडी पाटीवर मांडलेल्या, पांढऱ्या चरबीच्या जाळीने भरलेल्या एका लालसर मांसखंडाचे छायाचित्र!

प्रकरण असे होते. येत्या वैशाखात आण्णा-वहिनींच्या विवाहाला चाळीस वर्षे पूर्ण होत आहेत. चिरंजीव अमेरिकेत नोकरीला आहेत. आई-वडिलांची विमानाची तिकिटे त्यांनी काढली आहेत आणि त्या विशेष दिवशी संध्याकाळी तेथील एका अत्यंत महागड्या जपानी स्टेक उपाहारगृहात चार आसने राखून ठेवली आहेत. आगाऊ रक्कमही भरून झाली आहे. ‘आई-बाबांसाठी भाज्या असतात, त्याच तव्यावर पण वेगळ्या कोपऱ्यात,’ असा दिलासाही सोबत पाठवला आहे. वहिनींचे म्हणणे एवढेच की, याच मुलाच्या लग्नानंतरचा गोंधळ सहा वर्षे राहून गेला आहे. लग्नानंतर आठव्या दिवशी त्याचे विमान होते. कर्नाटकातून, खानदेशातून माणसे कुलाचारासाठी ज्या गावी येतात, त्या गावात राहून आपल्या घरचा गोंधळ थकलेला असावा आणि चाळिसाव्या वर्षाचा समारंभ मात्र परदेशातल्या तव्यासमोर व्हावा, हे त्यांच्या मनाला पटेना. आण्णा कात्रीत सापडले होते. मुलाचे मन मोडायचे नाही आणि पत्नीचे खोटे ठरवायचे नाही. मला म्हणाले, ‘तू लिहिणारा माणूस. तूच सांग, काय निवडायचे?’

मी त्या रात्री काही सांगितले नाही. आज सांगतो आहे, आणि फक्त आण्णांना नव्हे. असे छायाचित्र आज ना उद्या आपल्यापैकी अनेकांच्या मोबाईलवर येणार आहे. काहींच्या आलेही असेल. परदेशाचीच वाट पाहायला हवी, असेही नाही. २००४ मध्येच मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात मासाहारू मोरिमोतो या ख्यातनाम जपानी पाककर्त्याच्या नावाचे उपाहारगृह उघडले. वाढदिवस, बढती, लग्नाचा वाढदिवस म्हटले की जपानी जेवण, हा श्रीमंत वर्तुळातला शिरस्ता आता मध्यमवर्गाच्या दाराशी आला आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. परदेशी अन्न दिसले की सोवळे सावरणाऱ्यांपैकी मी नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्यावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासकट कित्येक थोर मंडळींना ग्रामण्याला तोंड द्यावे लागले. त्या वादात समाजाची केवढी शक्ती वाया गेली, हे आपण जाणतो. मला तसले ग्रामण्य उभे करायचे नाही. माझा प्रश्न शाकाहाराचाही नाही. ज्या गावात मी राहतो, तेथे नवरात्रात होमावर अजाबली देण्याची परंपरा आहे. पुरणाचा नैवेद्य दाखवणारी घरे येथे आहेत, तशी कुलाचार म्हणून मटणाचे ताट करणारी घरेही आहेत. दोन्ही घरे भक्तांची आहेत आणि त्यांतील एकाला दुसऱ्याहून कमी लेखण्याचा अधिकार कोणालाच नाही. तेव्हा ‘मांस’ या शब्दाला दचकून हा लेख लिहिलेला नाही.

चिरंजीवांनी आपल्या निवडीच्या समर्थनार्थ जी कारणे दिली, त्यांतले पहिले कारण मात्र तपासून पाहिले पाहिजे. ते म्हणाले, ‘काका, ही हजारो वर्षांची आशियाई परंपरा आहे. आपण पाश्चात्त्यांच्या मागे लागलो, असे म्हणता येणार नाही.’

हजारो वर्षे? जपानचा इतिहास उघडून पाहावा. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मू याने गाय-बैल, घोडा, कुत्रा, वानर आणि कोंबडी यांचे मांस खाण्यास वर्षातील शेतीच्या महिन्यांपुरती बंदी घातली. बौद्ध धर्माची शिकवण हे त्याचे एक कारण. नांगराला जुंपायच्या जनावराची काळजी हे दुसरे. पुढची सुमारे बारा शतके कधी कडक, कधी सैल अशा रीतीने हा संकोच टिकला. डोंगरातले लोक हरीण, रानडुक्कर खात. आजाऱ्याला ‘औषध’ म्हणून गोमांस देण्याची पळवाटही होती. परंतु भातखाचरात आपल्याबरोबर राबणारा बैल ताटात घेणे हे सामान्य जपानी शेतकऱ्याला अमंगळ वाटे. ही भावना आपल्या खिलारवाल्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागणार नाही.

मग हे बदलले केव्हा? पाश्चात्त्यांच्या युद्धनौका दाराशी आल्यावर. १८६८ च्या आरंभी कोबे बंदर परकीयांना खुले झाले. तेथे उतरलेल्या साहेबांना गोमांस हवे होते, ते जवळच्या ताजिमा भागातल्या कामाच्या जनावरांतून पुरवले जाऊ लागले. जगप्रसिद्ध ‘कोबे बीफ’चा उगम हा असा आहे. त्याच सुमारास जपानी विचारवंतांनी ठरवून टाकले की, पाश्चात्त्य बलवान आहेत ते मांस आणि दूध यांच्यामुळे. फुकुझावा युकिची या थोर शिक्षणतज्ज्ञाने १८७० मध्ये मांसाहाराच्या बाजूने लेख लिहिला. (१९८४ ते २०२४ अशी चाळीस वर्षे दहा हजार येनच्या नोटेवर याच गृहस्थांची छबी होती.) आणि जानेवारी १८७२ मध्ये स्वतः सम्राट मेइजी यांनी गोमांस ग्रहण केल्याची वार्ता प्रसृत झाली. त्याच वर्षी, या आहाराने देवभूमी विटाळली, असे मानणारे काही धर्मसाधक राजवाड्यात घुसू पाहत होते आणि पहारेकऱ्यांच्या हातून त्यांतले काही मारले गेले, हे आज कोणाला आठवत नाही.

म्हणजे ज्याला आपला तरुण ‘आशियाई परंपरा’ म्हणतो, तो एका स्वाभिमानी राष्ट्राने पराभवाच्या धास्तीने घातलेला उसना पोशाख होता. तो जपानने पुढे स्वतःच्या अंगाला बेतून घेतला, ही गोष्ट निराळी, तिच्याकडे येतोच. आणि तापल्या तव्याभोवती पाहुणे बसले आहेत, पाकसेवक उलथने हवेत उडवतो आहे, कांद्याच्या चकत्यांचा मनोरा रचून त्यातून ज्वाळा काढतो आहे, हा जो खेळ, त्याचे वय तर त्याहूनही कोवळे! कोबेतील ‘मिसोनो’ हे उपाहारगृह तव्यावरच्या स्टेकची ही पद्धत आपण १९४५ मध्ये सुरू केली, असे सांगते. हरलेला जपान, अमेरिकी सैन्याचा तळ आणि साहेबाला रुचेल असा पदार्थ, असा तो काळ आहे. उलथन्यांच्या कसरतीला खरी प्रसिद्धी मिळाली ती १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रॉकी आओकी यांनी ‘बेनिहाना’ उघडल्यावर. अमेरिकनांसाठी अमेरिकेत रंगवलेले जपानीपण ते हे! आमच्या काही तमाशांच्या फडांचा इतिहास याहून जुना निघेल.

मग जपानी कुटुंब स्वतःच्या मंगलप्रसंगी काय शिजवते? ते ‘सेकिहान’ करते, म्हणजे लाल अझुकी शेंगदाण्यांबरोबर, छे, कडधान्याबरोबर शिजवलेला चिकट तांबूस भात. (शेंगदाणा हा आमच्या सोलापुरी हाताचा दोष, लेखणीत आपोआप येतो.) नववर्षाला घरोघरी डब्यांच्या उतरंडीत विशिष्ट अर्थाचे पदार्थ भरले जातात. २०१३ मध्ये युनेस्कोने जपानच्या पारंपरिक आहारसंस्कृतीचा, विशेषतः नववर्षाच्या सणातील तिच्या रूपाचा, मानवजातीच्या वारशात समावेश केला. त्या गौरवामागे घरचे अन्न होते, ऋतू होते, एकत्र बसलेले कुटुंब होते. डाळ आणि धान्य यांचा मंगलप्रसंगाशी जोडलेला संबंध पाहिला की, आपले पुरण आणि त्यांचे सेकिहान ही चुलत भावंडे वाटू लागतात. ज्याला खरोखर जपान आवडतो, त्याने हे जपानीपण पाहावे.

आता, जपानकडून शिकण्यासारखे काय, तेही मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. आणि येथे माझ्या टीकेचे टोक चिरंजीवांकडून वळून आपल्याकडे येते. उसना घेतलेला पदार्थ जपानने आपल्या शिस्तीने परिपूर्ण केला. ‘वाग्यू’ म्हणजे केवळ ‘जपानी गुरे’. त्यांच्या चार मान्य जाती आहेत. वासरू जन्मले की त्याच्या नाकाचा ठसा घेतात. माणसाच्या अंगठ्यासारखा तो प्रत्येकाचा निराळा असतो. वंशावळ पिढ्यान्पिढ्या नोंदलेली असते. २००३ च्या कायद्याने प्रत्येक जनावराला दहा अंकी क्रमांक मिळाला. ह्योगो प्रांतात जन्मलेले, तेथेच वाढलेले ताजिमा वंशाचे जनावर ठरलेल्या कसोट्यांना उतरले, तरच त्याला ‘कोबे’ म्हणता येते. २०१५ मध्ये त्या नावाला जपानने भौगोलिक मानांकन दिले, आणि आपला वंश परदेशात चोरून नेला जाऊ नये म्हणून २०२० मध्ये वाग्यूच्या आनुवंशिक द्रव्याच्या रक्षणासाठी कायदे केले. या जनावरांना बीअर पाजतात, मालिश करतात, या कहाण्या बव्हंशी पर्यटकांसाठी आहेत. खरी मेहनत आहे ती नोंदवहीची.

आणि आपण? खिलार, देवणी, लाल कंधारी ही नावे वाचकांपैकी किती जणांना ओळखता येतील? देवणी आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातली, लाल कंधारी नांदेडची, खिलार सोलापूर-सांगलीच्या माणदेशाचा. हे पशुधन अवर्षणात तग धरते, आपल्या उन्हात राबते. आणि याच जिल्ह्याच्या जुन्या नावाने ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी! बहुधा काळीभोर, दुष्काळात काट्याकुट्यांवर जगणारी, पुष्कळदा जुळी करडे देणारी. भूमिहीन घरातल्या बाईची ती चालती-बोलती बचतपेढी आहे. देशभरातले शेळीपालक तिची चौकशी करतात आणि तिच्या गावचा सुशिक्षित मुलगा ‘ए-फाइव्ह’ म्हणजे काय, हे समजावून सांगतो! ए-फाइव्ह म्हणजे जपानी प्रतवारीतली सर्वोच्च श्रेणी, हे मला त्याच्यामुळेच कळले. उस्मानाबादी शेळी ओळखायची कशी, असे मी विचारले, तेव्हा दूरध्वनीवर शांतता पसरली.

आपल्याकडे गायीच्या कानात आता बारा अंकी बिल्ला असतो. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले. आनंदच आहे. परंतु घोषणा आणि गोठा यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते वंशावळीच्या वह्यांनी भरायचे असते. फलकांनी ते भरत नाही.

दुसरी अडचण अधिक अवघड आहे आणि ती आपल्याच घरातली आहे. १९९५ मध्ये विधिमंडळाने संमत केलेले गोवंशहत्याबंदीचे विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीसाठी वीस वर्षे वाट पाहत राहिले. २०१५ मध्ये ती संमती मिळाली, त्या दिवशी आमच्या आण्णांनी गल्लीत पेढे वाटले होते. मीही खाल्ला. संविधानाच्या ४८ व्या अनुच्छेदाचा आधार त्यांना तोंडपाठ आहे. त्यांच्या भिंतीवर कामधेनूचे चित्र असलेली दिनदर्शिका आहे. आणि त्याच भिंतीखाली बसून ते मला म्हणाले, ‘तो तिकडे काय खातो, ते तिकडचे. आपल्या कायद्यात थोडेच येते?’

आण्णा, येत नाही. भारतात गोमांसाची आयात करता येत नाही, महाराष्ट्रात गोवंशाची हत्या करता येत नाही; परंतु राज्याबाहेरून आणलेले मांस जवळ बाळगल्याबद्दल शिक्षा करणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी रद्द केले, हेही तुम्हाला ठाऊक आहे. अमेरिकेत तर प्रश्नच नाही. पण मग आपण इतकी वर्षे जे सांगत आलो, ते केवळ महाराष्ट्राच्या सीमेपुरते होते काय? ज्याची श्रद्धा निराळी आहे, त्याच्या ताटात डोकावण्याची आपल्याला घाई असते आणि आपल्या मुलाच्या ताटासमोर आपण ‘तिकडचे तिकडे’ म्हणतो. या दुटप्पीपणाचे उत्तर कोणी मागितले, तर आपल्याजवळ ते नाही. मुलाने खाऊ नये, अशी सक्ती करा, असे मी म्हणत नाही. तो सज्ञान आहे. मात्र आई-वडिलांच्या चाळीस वर्षांच्या संसाराचा गौरव त्या तव्यासमोर व्हावा आणि बापाने त्या दृश्यात भाज्यांचा कोपरा स्वीकारून हसतमुखाने छायाचित्र काढून घ्यावे, याला मी उदारपणा म्हणणार नाही. तो भिडस्तपणा आहे.

चिरंजीव चतुर आहेत. त्यांनी लगेच सावरकरांचे नाव घेतले. सावरकरांनी गाय हा उपयुक्त पशू मानला, हे खरेच आहे, आणि तो युक्तिवाद ज्यांना पेलत नाही, त्यांनी तो लपवूही नये. पण ती मांडणी राष्ट्रहिताच्या कसोटीवर रूढी घासून पाहणाऱ्या एका विज्ञाननिष्ठाची होती. औंसावर विकला जाणारा तुकडा चैनीसाठी खाताना ती पाठीशी घेणे म्हणजे क्रांतिकारकाची काठी घेऊन फिरायला जाणे आहे. हो, अस्सल कोबेचे मांस तेथे पुष्कळ ठिकाणी औंसावर विकतात! एक औंस म्हणजे जेमतेम अडीच तोळे. एवढ्या तुकड्याला काही हजार रुपये पडतात. आपल्याकडे आजवर तोळ्यावर सोने विकले जात होते.

पैशाचा मुद्दा मी ताणणार नाही. मुलाने घाम गाळून मिळवले आहेत आणि आई-वडिलांवर ते उधळावेत, ही इच्छा सुंदर आहे. गोंधळालाही खर्च येतो, हे वहिनींना माझ्यापेक्षा जास्त कळते. फरक पैसा कोणीकडे वाहतो, यात आहे. त्या उपाहारगृहात चार माणसे जाणार, चारच जेवणार आणि पाचवा कोणी आला, तर त्याला आसन नाही. विशेष प्रसंगाचे वैशिष्ट्यच तेथे हे की, इतर कोणी त्यात नसावे. आमच्याकडे मंगलप्रसंग म्हणजे माणसे जेवू घालण्याचे निमित्त. गोंधळाच्या दिवशी पहाटेपासून पुरण शिजते, येळवणीच्या आमटीचा वास गल्लीभर जातो, सवाष्णी बसतात, कुमारिका बसतात. संध्याकाळी चौक मांडला जातो, दिवटी पेटते आणि संबळ-तुणतुण्यावर साऱ्या दैवतांना नावे घेऊन गोंधळाला बोलावले जाते. बोलावणे हाच त्या विधीचा प्राण आहे. गोंधळी जेवतो, वाजंत्री जेवतो, शेजारी जेवतो; यजमानीण सगळ्यांत शेवटी.

अर्थात आपण हे किती सांभाळले आहे? खरे बोलायचे, तर तुळजापुरातल्या लग्नाच्या पंगतीत आता नूडल्सचा वेगळा मेज असतो आणि पुरणपोळी मिठाईच्या कोपऱ्यात थंड होत पडलेली असते. गोंधळ अर्ध्या तासात ‘आटोपून’ घ्या, गाडी लागली आहे, असे सांगणारे यजमान मी पाहिले आहेत. एका घरी तर संबळ वाजत असताना नवरदेव कोपऱ्यात कचेरीच्या बैठकीत संगणकावर बसला होता. येरमाळ्याच्या वाटेवर किंवा सोलापूरच्या रस्त्यावर थांबून हुरडा विकत घेणारे आपण, घरच्या रानात हुरडा भाजायला पाहुणे बोलवायचे विसरलो. कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आपल्याच जिल्ह्यात किती घरांत त्याची वार्ता पोहोचली? ज्या मुलाने घरात उत्साहाने घातलेला गोंधळ कधी पाहिलाच नाही, त्याला उलथन्याचा खेळ विशेष वाटला, तर दोष सगळा त्याचा म्हणता येणार नाही. आण्णांचा आहे, माझाही आहे. सहा वर्षांपूर्वी त्याचे विमान आठ दिवसांनी होते. आठ दिवसांत एक रात्र गोंधळासाठी काढता आली असती. आम्ही ती पाहुण्यांच्या आहेरांची यादी करण्यात घालवली.

मागच्या मंगळवारी देवळाच्या पायऱ्यांवर वहिनी भेटल्या. त्यांनी निर्णय घेतला होता. आण्णांना तो कळला होता, मुलाला अजून कळवायचा होता. अमेरिकेला जायचे, कारण नातवाला पाहायचे आहे. मात्र त्या संध्याकाळी मुलाच्या स्वयंपाकघरात त्या स्वतः पुरण घालणार आणि त्याच्या कचेरीतली, शेजारची मिळून वीस-पंचवीस माणसे जेवायला बोलावणार. त्यांत कोणी जपानी असेल, तर त्यालाही. चार आसनांची आगाऊ रक्कम गेली, तर गेली. गोंधळ नवरात्राच्या आत, येथेच, मुलगा-सून दोघे चौकाजवळ बसलेले असताना. तोवर तिकडे न्यायला कवड्यांची माळ त्यांनी घेऊन ठेवली आहे.

‘मुलाला सांगणार कोण?’ मी विचारले.

‘हे सांगतील,’ त्या म्हणाल्या. आण्णा तीन पायऱ्या मागे उभे राहून नारळवाल्याशी उगाचच भाव करत होते. मग वहिनींनी पिशवीतून एक पुडी काढून माझ्या हातात दिली. ‘भाऊजी, तुम्ही पेपरवाले. जरा विचारून ठेवा, विमानात येसूर नेऊ देतात का.’